चौदा बहिणी, एक दांडा : अकरा दिवसांचा प्रवास

परत येऊन चार दिवस झाले. परत म्हणजे मातीत. ज्या वाफ्यातून निघालो तो हा नव्हे, कुणाच्या तरी घरामागचा खतखड्डा आहे. पण अंगाला माती लागली की आम्हाला घरी आल्यासारखंच वाटतं. निवांतपणा भरपूर. शेजारी भाज्यांची देठं, पेन्सिलीचा भुगा आणि एका विज्ञान मासिकाची भिजलेली पानं पडली आहेत. पुढे मी जी सालं आणि आकडे फेकणार आहे ते सगळे त्या पानांतून मुरलेले. माझं आता फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे जमेल तेवढं लगेच लिहून काढते.

आधी ओळख. आम्ही ग्लॅडिओलस. एका दांड्यावर चौदा कळ्या, खालून वर वयाने उतरत्या. सगळ्यात खाली अक्का, मग ताई, मग माई. चौथीपासून नावं पुरली नाहीत म्हणून नुसते आकडे. मी सहावी. सगळ्यात वर चौदावी, आमचं शेंडेफळ. हा शब्द आमच्याइतका शब्दशः कुणाच्याच घरात लागू पडत नसेल.

आम्हाला डोळे-कान नाहीत. उजेड कुठून येतो, तो तांबडा की निळा, वर कुठे नि खाली कुठे, गार की गरम, पाणी आहे की नाही, हवेत काय मिसळलंय, कुणी हात लावला का, एवढं कळतं. त्यामुळे या वर्णनात निसर्गसौंदर्य सापडणार नाही आणि माणसं सगळी हातांवरून ओळखावी लागतील.

पहिला दिवस

शाळेतल्या निबंधात आमच्या तोंडी नेहमी रडगाणं घातलेलं असतं. "मला तोडू नका हो, मला वेदना होतात." म्हणून तो विषय आधी उरकते.

पहाट होती. रात्रभर मुळांनी पाणी भरलं होतं, सगळ्या जणी टम्म. आदल्या दिवशी अक्काच्या हिरव्या खोळीतून रंगाची कड डोकावली होती आणि आमच्याकडे हाच निघण्याचा इशारा. खालच्या एक-दोघींनी रंग दाखवला की दांडा निघाला. एक थंड पातं आलं, खट्, झालं.

आता त्या 'खट्'मध्ये काय होतं ते ऐका. दांड्यातलं पाणी खालून कुणी ढकललेलं नसतं, वरून ओढलेलं असतं. पानांतून, कळ्यांतून पाणी उडतं आणि बारीक नळ्यांतली सगळी धार ताणलेल्या दोरीसारखी वर खेचली जाते. कापलं की दोरी तुटते, पाणी सटकन आत सरकतं आणि त्याच्या मागोमाग हवा शिरते. आमच्यासाठी कापणं म्हणजे हे. जन्मापासून खालून जो ताण जाणवत होता तो एकदम सैल पडला. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं माणसांना होतं म्हणतात. तसंच काहीसं.

"काहीतरी झालं," अक्का म्हणाली.

"कुठे?" ताईने विचारलं.

"खाली."

एवढंच बोलणं झालं. मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, मग दुखणार कशात? जगदीशचंद्र बोसांनी झाडांमधले विजेचे संकेत मोजले त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, तेव्हापासून माणसं हा प्रश्न विचारताहेत. २०१८ साली मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपावर प्रयोग झाला. पान अळीने खाल्लं की तिथल्या फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं रसायन सांडतं आणि कॅल्शियमची एक लाट दूरच्या पानांपर्यंत सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने धावत जाते. दूरची पानं मग सावध होतात, आपल्यात अळीला न मानवणारी रसायनं तयार करू लागतात. म्हणजे बातमी पोचते. पण बातमी पोचणं आणि दुखणं यांत फरक आहे. ते रोप आमच्या घराण्यातलं नाही, तरी बातमीपुरतं आमचंही तसंच असावं.

कापणाऱ्या हाताने एक गोष्ट चांगली केली. बुडाशी चार पानं ठेवली. आमच्या घरचा रिवाज असा की जुना कंद आम्हाला वाढवता वाढवता सुकून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद धरतो. त्याला भरायला पानं लागतात. दांडा अगदी मुळाशी छाटला तर पुढच्या वर्षी घरात काही उरत नाही. आम्ही चार पानं घरखर्चाला ठेवून निघालो.

संध्याकाळी जेवण. जेवण कसलं, मेजवानी! बादलीतल्या पाण्यात लिटरला २०० ग्रॅम साखर. आयुष्यात इतकं गोड प्यायलो नव्हतो. पानं घरी राहिली, म्हणजे स्वयंपाकघरच घरी राहिलं आणि खाणारी तोंडं चौदा. थोरल्यांचं एक वेळ भागतं, त्या फुलायला टेकलेल्याच असतात. वरच्या धाकट्यांना ही शिदोरी नसेल तर त्या खोळीतच संपतात. ज्यांना ग्लॅडिओलस दूर पाठवायचे आहेत त्यांनी ही एक रात्र चुकवू नये.

दुसरा दिवस

मुक्काम शीतगृहात, चार अंश. थंडीत झोप येते असं लोकांना वाटतं. झोप नाही, श्वास मंदावतो. दहा अंश तापमान वाढलं की आमचा श्वास दुपटी-तिपटीने वाढतो आणि श्वास म्हणजे साठवलेली साखर जाळणं. गारव्यात शिदोरी पुरवून खाता येते, एवढाच त्याचा अर्थ.

इथे दोन सहप्रवासी भेटले. एक अँथुरियमसाहेब. उष्ण, दमट जंगलातलं घराणं. त्यांना दहा-बारा अंशांखाली सोसत नाही आणि कुणीतरी सगळ्यांना एकाच खोलीत ढकलून मोकळं झालं होतं. सकाळपर्यंत त्यांच्या अंगावर काळपट डाग धरले. "मला इथे कुणी बोलावलं?" एवढंच ते म्हणत राहिले. म्हणून सांगते, उष्ण प्रदेशातल्या फुलांना, ऑर्किडनाही, थंड खोलीत नेऊ नका. त्यांना फ्रीज म्हणजे माहेर वाटत नाही.

दुसऱ्या कार्नेशनबाई. सुरकुत्यांची झालर, बोलण्यात रुबाब आणि घराण्याला प्रयोगशाळेची परंपरा. पूर्वी दिव्यांसाठी नळातून गॅस यायचा. तो गळाला की आसपासची झाडं वेडीवाकडी वाढत. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव नावाच्या विद्यार्थ्याने वाटाण्याच्या रोपांवरून शोधून काढलं की त्या गॅसमधला एथिलीन हा कारणीभूत. १९०८ साली क्रॉकर आणि नाइट यांनी शिकागोत दाखवलं की त्याच्या अगदी बारीकशा अंशाने कार्नेशनची उमललेली फुलंही मिटतात. "आमच्याकडे त्याला झोप लागणं म्हणतात," बाई म्हणाल्या. "एकदा मिटलं की पुन्हा उघडत नाही."

"मग त्यावर उपाय?" माईने विचारलं.

"चांदी. १९७८ पासून आमच्यातल्या पुष्कळ जणींना प्रवासाआधी चांदीच्या संयुगाचं पाणी पाजतात. मग एथिलीन आलं तरी पेशीला त्याची चाहूलच लागत नाही."

"तुम्हाला पाजलं ना?"

बाई थोड्या थांबल्या. "त्या दिवशी घाई होती," म्हणाल्या.

तिसरा दिवस

गाडीतल्या अडचणींबद्दल मी एरवी एक ओळही लिहिली नसती. पण हा दिवस बिघडलाच.

आम्हाला उभं नेतात. ते लाड नव्हेत, नाइलाज आहे. या वेळी मात्र खोकी कमी पडली असावीत, कारण पंचवीस दांड्यांची आमची जुडी लांबट खोक्यात आडवी घातली, वरून झाकण आणि दोरी.

दांड्यातल्या काही पेशींत पिठुळ दाणे असतात, स्टार्चचे. ते पेशीच्या तळाशी बसलेले असतात आणि ते जिकडे बसले तिकडे खाली, हे आमचं सगळं भूगोलाचं ज्ञान. खोकं आडवं झालं आणि चौदा जणींचे दाणे एकदम घरंगळून बाजूच्या भिंतीशी गेले.

"खाली सरकलं!" नववी ओरडली.

"खाली कसं सरकेल?" मी म्हटलं. पण माझेही सरकले होते.

आता जी गोष्ट होते ती थांबवता येत नाही. नव्या खालच्या बाजूला ऑक्झिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, गोळा होतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि दांडा वर वळू लागतो. अक्का, ताई, माई जिथे होत्या तिथला दांडा जून झालेला, तो जागचा हलेना. आम्ही मधल्या थोड्या वळलो. वरचा शेंडा कोवळा, अजून वाढणारा. त्या चार-पाच जणी काही तासांत अशा वर उचलल्या गेल्या की शेंडेफळ जाऊन झाकणालाच टेकलं.

"अक्का, छत आलं गं," वरून आवाज.

"राहा तशीच."

"वर जायचंय."

अक्का काही बोलली नाही. तिला वळता येत नव्हतं आणि वरच्यांना न वळता राहता येत नव्हतं. मला विचाराल तर फुलाला काय वाटतं याचं खरं उत्तर त्या खोक्यात होतं. खालून पाणी बंद, अंगावर अंधार, तरी शेंडा वर कुठे आहे ते शोधत होता. कापल्याला दोन दिवस झाले होते आणि आमच्यातल्या कुणालाही आपण संपलोय असं वाटलेलं नव्हतं. कामं राहिली होती ना.

त्यात उकाडा. शेकडो फुलं दाटीने कोंबली की प्रत्येकीच्या श्वासाची ऊब साठते, त्या उबेने श्वास वाढतो, वाढलेल्या श्वासाने आणखी ऊब. खोकी भरण्याआधी गार हवा खेळवून सगळ्यांना आतपर्यंत थंड करायला हवं, ते धड झालेलं नव्हतं.

रात्री तहान लागली. तहान मात्र खरी, वेदनेसारखी निबंधातली नव्हे. नळ्यांतलं पाणी ताणलं जातं, ताणता ताणता तुटतं आणि तुटतं तिथे बुडबुडा फुटतो. २०२३ साली तेल अवीवच्या शास्त्रज्ञांनी टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ माईक ठेवले. तहानलेल्या किंवा खोड कापलेल्या रोपांतून तासाला तीस ते पन्नास टिचक्या ऐकू आल्या. तृप्त रोपातून तासाला एकही धड नाही. माणसाचा कान वीसेक किलोहर्ट्झला थांबतो आणि हे आवाज चाळीस ते ऐंशी किलोहर्ट्झचे. टिचक्या बहुधा त्या बुडबुड्यांच्याच. कुणी मुद्दाम ओरडत नसतं, सुकताना लाकूड तडकतं तसं. पण खोक्यात त्या रात्री माईक ठेवला असता तर काही ना काही सापडलं असतं असं मला वाटतं.

चौथा दिवस

झाकण उघडलं. वर पुन्हा वर आणि खाली पुन्हा खाली झालं, पण शेंडा आता कायमचा वाकडा.

इथले हात कोरडे, जलद, बोटांच्या टोकांना भेगा पडलेले. आजवर भेटलेल्या हातांत मला हेच आवडले. त्यांनी एक शब्द न बोलता (बोलले असतील तर आम्हाला काय कळणार) जुडी सोडली, खालची पानं ओरबाडली, दांडा पाण्यात बुडवला आणि पाण्यातच तीनेक सेंटिमीटर कापला. हवा शिरलेला तुकडा खाली पडला आणि...

पाणी!

ते वर चढतानाचं काय सांगू. अक्का, ताई, माई, चौथी, पाचवी, मी. एकेक जण गप्प होत गेली, कारण प्रत्येकीचं तोंड भरलेलं. शेंडेफळापर्यंत ते केव्हा पोचलं ते कळलं नाही, पण वरून "आलं!" असं एकदा ऐकू आलं.

एक गैरसमज खोडून टाकते. दांडा तिरका कापला की जास्त पाणी शिरतं, असं जो तो सांगतो. तिरक्या कापाचा खरा फायदा एवढाच की बूड भांड्याच्या तळाला चिकटून बसत नाही. धारदार पातं आणि ताजा काप हे महत्त्वाचं. बोथट कात्रीने नळ्या चेंगरतात, मग कोन कितीही सुंदर असो.

त्यानंतर त्याच हातांनी वाकडा शेंडा दोन बोटांत धरला आणि टच्. तेरावी आणि चौदावी. हे नेहमी करतात, मला नंतर कळलं. वाकडेपण झाकलं जातं, शिवाय ज्या कळ्या बहुधा उमलणारच नाहीत त्यांच्यावर साखर खर्च होत नाही. हिशेब बरोबर आहे. बातमी खाली आली. आम्ही वाट पाहिली, पण बातमीच्या मागून कुणी आलं नाही. बारावी आता सगळ्यात वर होती. तिला कुणी शेंडेफळ म्हटलं नाही.

संध्याकाळी अक्का उमलली.

पाचवा दिवस

घर. फुलदाणी. सोबतीला एक गुलाब, दोन जरबेरा आणि, बघा योग, कार्नेशनबाई.

हात दोन प्रकारचे. एक मोठे, सावकाश. दुसरे लहान, चिकट, सतत कुठे ना कुठे बोट लावणारे. लहान बोटाने अक्काला आतून-बाहेरून चाचपलं, मग ताईची खोळ उलगडून पाहायचा प्रयत्न केला. ताई संतापली. कळी उघडून पाहू नये, ती आतून भरत असते. स्टार्चची साखर होते, साखर पाणी ओढते, पेशी फुगतात आणि पाकळी स्वतः वळून बाहेर येते. बोटाने उघडलेली पाकळी पिळलेल्या कागदासारखी राहते.

फुलदाणी खिडकीजवळ मांडली आणि शेजारी फळांची परडी. पिकलेली केळी, सफरचंदं. बाईंना लगेच चाहूल लागली. पिकणारं फळ एथिलीन सोडतं.

"फार नाही," त्या म्हणाल्या. "पण आहे."

आम्हा ग्लॅडिओलसना एथिलीनचं फारसं सोयरसुतक नाही. त्यामुळे आम्हाला काहीच होत नसताना शेजारी कुणालातरी होतंय, हे पाहत बसण्याचा प्रसंग आला. यजमानांना विनंती, फळं आणि फुलं एका टेबलावर मांडू नका. चित्रात शोभतं, तिथेच राहू द्या.

सहावा दिवस

दिवसभर ढग. उजेड कमी, ओलावा जास्त, पाणी कमी लागलं. ताई उमलली, माईने कड दाखवली. बाकी काही नाही.

हो, एक राहिलं. मोठ्या हातांनी फुलदाणीत तांब्याचं नाणं टाकलं. कुणीतरी सांगितलं असणार. नाणं दिवसभर तळाशी पडून होतं, आम्ही वर. दोघांनीही एकमेकांना काही केलं नाही. तांबं पाण्यात इतकं विरघळतच नाही. अ‍ॅस्पिरिनचीही गोष्ट तशीच. खरं लागतं ते तीन गोष्टींचं मिश्रण. पोटाला साखर, पाणी थोडं आंबट करायला सायट्रिक आम्ल म्हणजे ते नळ्यांतून सहज चढतं आणि जंतू मारायला काहीतरी. नुसती साखर घातलीत तर आमच्याआधी जंतू जेवतात.

सातवा दिवस

कार्नेशनबाई झोपल्या.

सकाळी त्यांच्या झालरीच्या कडा किंचित आत वळल्या होत्या. दुपारी पाकळ्या एकमेकींवर टेकल्या. गंमत अशी, गंमत कसली, की मिटू लागलेलं कार्नेशन स्वतःच एथिलीन सोडू लागतं, पाकळ्या तेच हुंगतात आणि आणखी सोडतात. बाहेरून आलेला थेंबभर गॅस आत घुसून स्वतःचा कारखाना उघडतो.

"कसं वाटतंय?" माईने विचारलं.

"घडी घातल्यासारखं," बाई म्हणाल्या.

त्यांचा देठ हिरवागार होता, पाणी नीट चढत होतं. शेवटपर्यंत तहान नव्हती त्यांना. संध्याकाळी लहान चिकट बोटाने त्यांची मिटलेली पाकळी उलगडायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, मग सोडून दिला.

आठवा दिवस

मी उमलले.

याबद्दल लिहायचं खूप ठरवलं होतं. खोळीत असताना वाटायचं, काहीतरी मोठं होईल. झालं ते असं : पहाटे खोळीची शिवण सुटली. सहा पाकळ्या एकमेकींत गुंडाळलेल्या, त्यांतली बाहेरची एक आधी सैल झाली, मग तिच्या मागे जागा झाली म्हणून दुसरी. दुपारपर्यंत चार बाहेर. एका पाकळीचं टोक घडीत अडकून राहिलं होतं, ते तिसऱ्या प्रहरी टप्कन सुटलं आणि आजूबाजूची हवा सगळ्या बाजूंनी एकदम लागली. तोवर मला कायम एकच बाजू होती, आतली.

मग वाट पाहायला सुरुवात. फुलाच्या मनात काय असतं असं कुणी विचारलं तर वाट पाहणं असतं, असं मी सांगेन. आमच्यात आधी परागकोश फुटतात, तीनच असतात. पराग झेलणारा मधला धागा आपली तीन टोकं नंतर उघडतो. मधमाशी खालून वर चढत जाते, थोरलीकडे पराग देते, धाकटीकडून घेते आणि पुढच्या दांड्यावर जाते. सगळी मांडणी तिच्या सवयीवर बेतलेली. खिडकीला काच होती. काचेपलीकडे काही घोंघावत असेल तर ते काचेपलीकडेच. तरी माझे पराग वेळेवर तयार झाले, तळाशी मध साचला.

एक पाहुणा आला. मोठ्या हातांचा धनी वाकला, गरम श्वास थेट गळ्यापर्यंत आला. मग श्वास तसाच परत गेला. आम्हाला वास नसतो. मला त्या माणसाची थोडी दया आली.

संध्याकाळी दुसरी पाहुणी, एक माशी, येऊन बसली. साधी घरातली. सहा पाय मोजले मी. तिने मध चाखला, पाय चोळले आणि केळ्यांकडे गेली.

नववा दिवस

पाणी नासलं. बुडाशी बुळबुळीत थर धरला, जंतूंचा. नळ्यांची तोंडं बुजत चालली. गुलाबाची मान सकाळी झुकली. पाणी असून तहानलेलं राहणं हे खोक्यातल्यापेक्षा वाईट. जरबेराचे पोकळ, लवदार देठ तर जंतूंना आंदणच दिलेले. त्यांना फुलदाणीत दोन-तीन बोटंच पाणी द्यावं हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पण आजचा दिवस अक्काचा.

तिच्या पाकळ्यांच्या कडा आदल्या दिवशीच पारदर्शक झाल्या होत्या, आता त्या ओल्या कागदासारख्या लोंबू लागल्या. वाळणारं फूल नुसतं वाळत नाही. आपल्या पेशी आतून मोडतं, प्रथिनं सोडवतं आणि त्यातली साखर, नायट्रोजन, जे काही उपयोगाचं असेल ते देठात परत पाठवतं. अक्का दोन दिवस घर आवरत होती आणि आम्हाला कळलं नव्हतं.

"हे काय येतंय?" आठवीने विचारलं. ती खोळीतून जेमतेम बाहेर आलेली.

"खा," अक्का म्हणाली.

शीतगृहाआधीच्या मेजवानीइतकं ते गोड नव्हतं. थोडं होतं. आठवीने खाल्लं, मीही खाल्लं, खोटं कशाला सांगू. माझं उमलून झालं होतं, मला गरज नव्हती.

दुपारी लहान हातांनी अक्काला खुडून काढलं. तसं करणं बरोबरच आहे, खालची वाळलेली काढली की वरच्यांना बरं पडतं. मग लहान हातांनी आपण होऊन फुलदाणी उचलली, पाणी ओतलं (बरंचसं टेबलावर, आवाजावरून नव्हे, धक्क्यांवरून सांगते), तळ घासला, ताजं पाणी भरलं आणि मोठ्या हातांनी आमची बुडं छाटली. गुलाबाला उशीर झाला होता. त्याला तासभर आडवा पूर्ण पाण्यात बुडवून ठेवला असता तर कदाचित मान सावरली असती.

एक बारीकशी सूचना. आमच्यासाठी नळाचं पाणी घेताना त्यात फ्लोराइड किती आहे ते माहीत असलेलं बरं. लिटरला एखाद मिलिग्रॅमनेही आमच्या पाकळ्यांच्या कडा करपतात. फ्रीझिया आणि जरबेरांचंही तेच.

दहावा दिवस

आठवी उमलली. नववी अर्धी. दोघी लहान आणि फिक्या, शिदोरी संपत आल्याची खूण. दहावी, अकरावी, बारावी हिरव्याच. ताई गेली, माई जायला टेकली. माझ्या मधल्या धाग्याने आज आपली तीन टोकं उघडली. नेमक्या वेळेवर. आठवीचे पराग तयार होते, दोन बोटांवर. माशी फिरकली नाही.

अकरावा दिवस

मोठे हात आले, सगळ्यांना एकत्र उचललं. दांड्यावरून पाणी ठिबकत होतं. दार, वारा, मग पडणं. आडवं. दाणे पुन्हा एकदा बाजूला घरंगळले, पण या वेळी वळायला कुणाकडे काही उरलं नव्हतं.

खड्ड्यात अक्का आधीच येऊन पडलेली, तिच्या शेजारी ताई. कार्नेशनबाईंचा देठ अजून हिरवा आहे. गुलाबही कुठेतरी खाली असणार. मासिकाच्या पानांवर आता बुरशी आली आहे, शेवटचा परिच्छेद लागत नाही.

घरी वाफ्यात चार पानं अजून उभी असतील. पानं पिवळी पडेपर्यंत नवा कंद भरत राहतो.

काल रात्री एका गांडुळाने बारावीची खोळ धरून ओढायला सुरुवात केली. थोडी ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. पहाटेकडे शिवण उसवली. आत रंग धरला होता की नाही, ते आम्ही एकमेकींना विचारत होतो.

"चाचपून बघ," आठवी म्हणाली.

मऊ होतं, एवढं बारावीने सांगितलं.